देशातली वीज कुठून येते? खान्देशातून दिसणारं चित्र

तापीकाठ

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा आणि गॅस सोडून इतर स्रोतांचा झाला आहे. 2030 साठी ठरवलेलं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं गेलं. बातमी खरी आहे, आनंदाचीही आहे. पण तेव्हापासून आमच्याकडच्या ग्रुपांवर एक प्रश्न फिरतोय: निम्मी वीज जर ऊन, वारा, पाणी आणि अणूची, तर दीपनगरला, भुसावळजवळच्या औष्णिक केंद्रात, 660 मेगावॅटचा नवा कोळशाचा संच कशाला? आणि आम्हाला पंप चालवायला रात्रीच उठायला का लागतं?

उत्तर बातमीतल्या 'स्थापित क्षमता' या शब्दांत आहे. जून 2025 अखेर देशाची क्षमता सुमारे 485 गिगावॅट होती (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). यंत्रं एकाच वेळी पूर्ण जोमात चालली तर किती वीज देतील, याचा हा आकडा. वर्षभरात प्रत्यक्ष किती युनिट आले, हा वेगळा हिशेब. 2024-25 मध्ये देशात साधारण 1,800 अब्ज युनिटच्या वर वीज तयार झाली, आणि त्यातले चारातले तीन युनिट कोळशाचे होते. पाण्याची वीज आठ टक्क्यांच्या आसपास, सौरही तेवढीच, वाऱ्याची साडेचार, अणूची तीन टक्के. गॅसची केंद्रं गॅस महाग म्हणून बराच काळ बसून असतात.

खान्देशातलंच उदाहरण घ्या. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा) 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या 19 टक्क्यांच्या आसपास चालतात, म्हणजे वर्षाला 20 कोटी युनिट. दीपनगरचा 500 मेगावॅटचा एकच संच 70 टक्के चालला तर 306 कोटी युनिट देतो. क्षमतेत चौपट, युनिटमध्ये पंधरा पट. साक्रीचा प्रकल्प कमी महत्त्वाचा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण मेगावॅटची बेरीज करून कुणी 'निम्मी वीज हरित झाली' म्हणालं तर त्याला ही दोन ठिकाणं दाखवावीत.

धागा काढण्याचं खरं कारण वेगळं आहे. देशात वीज ज्या ज्या रीतीने तयार होते, त्यातली जवळपास प्रत्येक रीत खान्देशात किंवा त्याच्या शिवेवर आहे, आणि आपण तिच्याकडे कधी एकत्र बघत नाही. एकटी तापीच घ्या. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, पुढे हतनूरचं 41 दरवाजांचं धरण, आणि त्या पाण्यावर दीपनगर. मग नदी गुजरातेत शिरली की उकाई : धरणाच्या पायथ्याला 300 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, शेजारी कोळशाचं केंद्र. त्याच्याही खाली काकरापारची अणुवीज. कोळसा, पाणी आणि अणू, तिन्हींना एकच नदी पाणी पुरवते. पश्चिमेला साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या, उत्तरेला सातपुड्याच्या अंगाने नर्मदेवर सरदार सरोवर.

ज्यांना यातलं जवळून माहीत आहे त्यांनी लिहावं. विशेषतः वीज *किती* यापेक्षा ती *कधी* येते यावर.

केळीबाग_रावेर

फार गरजेचा विषय काढलात दादा. माझा प्रश्न सरळ आहे. केळीला पाणी चुकवून चालत नाही, एप्रिल-मेमध्ये तर एक दिवसही नाही. पंपाला लागणारी थ्री फेज वीज आठ तासांची, आणि तीही चक्राने: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बारा-एकला बॅटरी घेऊन वावरात. सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्या आहे, बागेत साप आहेत. ऑटो स्टार्टर लावला तर लाईट आली की मोटार सुरू होते, पण फिल्टर चोक झाला, ठिबकची नळी फुटली, व्हॉल्व्ह बदलायचा, तर माणूस लागतोच.

दिवसा ऊन फुकट पडतंय आणि आमची पाळी रात्री, हे गणित मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

दीपनगरकर

मी बॉयलर विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या यंत्राच्या स्वभावात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोळसा विदर्भ-छत्तीसगडकडून वाघिणींनी येतो. एका मालगाडीत पावणेचार-चार हजार टन. 500 चा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला आठ हजार टनांच्या घरात कोळसा खातो, म्हणजे एका संचाला रोज दोन गाड्या. तो मिलमध्ये दळून भुकटी करायची, गरम हवेने बॉयलरमध्ये फुंकायची, तिथे 540 अंशांची वाफ करायची, आणि त्या वाफेने टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे फिरवायचं. हे 3000 वाट्टेल तसं बदलता येत नाही, कारण देशभरच्या ग्रीडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारता 50 हर्ट्झ आहे आणि 50 गुणिले 60 म्हणजे 3000. कन्याकुमारीजवळचं टर्बाइन आणि दीपनगरचं टर्बाइन एकाच तालात फिरत असतात.

आता मुद्दा. हे यंत्र बटण दाबून बंद-चालू होत नाही. बॉयलर पूर्ण थंड असेल तर भारावर यायला कित्येक तास जातात. घाई केली तर जाड धातूचे भाग आतबाहेर वेगवेगळे तापतात आणि त्यांना तडे जातात. भार खूप खाली आणला तर ज्योत डळमळते, मग ती टिकवायला तेल जाळावं लागतं, आणि ते महाग. त्यामुळे रात्री गावं झोपली, कारखाने मंदावले तरी संच बंद करत नाहीत, कमी भारावर चालत ठेवतात. पूर्वी सौर वीज नावालाच होती. रात्री मागणी कमी आणि बॉयलर तर चालूच, मग ती वीज कुठे द्यायची? शेतीपंपांना. भाऊ, तुमची रात्रपाळी इथून आली. दिवसाची वीज शहरांना आणि उद्योगांना, रात्रीची उरलेली शेतीला.

आज हे गणित उलटं झालंय. दुपारी बारा ते तीन देशात सौर वीज इतकी असते की कोळशाच्या संचांना खाली यावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनी 55 टक्क्यांपर्यंत खाली येणं बंधनकारक केलं आणि पुढे 40 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलंय. संध्याकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात, आणि तोच संच तासा-दोन तासांत वर चढवायचा असतो. आमच्या काळातल्या ऑपरेटरांनी असा चढउतार रोज केला नव्हता.

660 चा संच कशाला, यालाही हेच उत्तर. देशाची कमाल मागणी 30 मे 2024 ला 250 गिगावॅट झाली, ती दुपारची. पण रात्री नऊ-दहालाही मागणी फार खाली येत नाही, आणि तेव्हा सौर शून्य असतं. नवा संच सुपरक्रिटिकल आहे, म्हणजे वाफेचा दाब 221 बारच्या पुढे. त्या दाबाला पाणी उकळून बुडबुडे येत नाहीत, ते सरळ वाफेच्या रूपात जातं. त्यामुळे त्याच कोळशात जास्त युनिट निघतात. दीपनगरला पहिला संच साठच्या दशकाअखेर लागला तेव्हा साठेक मेगावॅटचा होता, मग 210 चे आले, मग 500 चे दोन. आता एकच संच 660 चा.

साक्रीचा_वारा

दीपनगरकर काका, फार छान सांगितलंत.

मी ब्राह्मणवेल-छडवेलच्या भागातला. आमच्याकडे पवनचक्क्या 2000 नंतरच्या दहा वर्षांत उभ्या राहिल्या आणि सगळ्या मिळून पाचशे मेगावॅटच्या पुढे गेल्या. मी देखभालीचं काम केलंय, मनोऱ्यावर चढलोय, त्यामुळे दोन गोष्टी लिहितो.

पहिली, वाऱ्याचा हंगाम. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारा पठारावर असा येतो की उभं राहवत नाही. वर्षाच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा या चार महिन्यांत निघतो. वारा सेकंदाला तीनेक मीटर झाला की पाती फिरू लागतात, बारा मीटरच्या आसपास पूर्ण क्षमता येते, आणि पंचवीसच्या वर गेला की यंत्र स्वतःला थांबवतं. डिसेंबर-जानेवारीत कित्येक दिवस पाती नुसती उभी. बाहेरचा माणूस तेव्हा बघतो आणि 'बंद पडल्या' म्हणतो. बंद नसतात, वाराच नसतो.

दुसरी गोष्ट कमी लोक बोलतात. पावसाळ्यात ढगांमुळे सौर उतरतं, तेव्हाच वारा भरात असतो. आणि पावसाळी वारा रात्रीही थांबत नाही. एकाच तालुक्यात सौर आणि वारा शेजारी आहेत ते वर्षाच्या हिशेबात एकमेकांना धरून आहेत. म्हणून मला 'सौर की वारा' हा वाद पटत नाही.

जुनी यंत्रं सव्वा मेगावॅटच्या आसपासची, मनोरे आजच्या मानाने बुटके. आज तीन मेगावॅटची, सव्वाशे मीटर उंचीची येतात. साक्रीतली वाऱ्याची सर्वांत चांगली जागा जुन्या, छोट्या यंत्रांनी अडवली आहे. ती काढून त्याच जागी मोठी बसवली, म्हणजे रिपॉवरिंग केलं, तर नवी जमीन न घेता वीज वाढेल. हे आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरायला हवं.

सातपुड्याची_लेक

मी धडगावची, शिक्षिका आहे. सरदार सरोवराचा वर एका ओळीत उल्लेख आला, म्हणून लिहिते.

त्या धरणाची वीजक्षमता 1450 मेगावॅट : नदीपात्रातल्या केंद्रात 200 चे सहा संच, कालव्याच्या तोंडाशी 50 चे पाच. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा 1979 चा, आणि त्यानुसार विजेची वाटणी मध्य प्रदेशला 57 टक्के, महाराष्ट्राला 27, गुजरातला 16. म्हणजे महाराष्ट्राला तिथे मुख्यतः मिळते ती वीज. आणि महाराष्ट्राने दिली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं. मणिबेली सर्वांत पहिलं. धरणाची उंची 138.68 मीटरपर्यंत गेली, 2017 मध्ये दरवाजे बंद झाले, 2019 च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

माझ्या वर्गात त्या गावांतून पुनर्वसन वसाहतींत आलेल्या घरांची नातवंडं होती. त्यांच्या आज्या-आजोबांना नदीच्या काठाने मिळायचे ते मासे, चारा, डिंक, मोह. हे नुकसानभरपाईच्या कागदात कुठल्या रकान्यात लिहायचं, कुणालाच सांगता आलं नाही. आणि राज्याला 27 टक्के वीज मिळूनही अक्राणीतल्या कितीतरी पाड्यांवर तार फार उशिरा पोचली.

जलविद्युत स्वस्त, धूर नाही, हे मी मुलांना शिकवते आणि ते खरंच आहे. पण तिची किंमत मोजताना ही गावं धरल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

तापीकाठ

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. उकाईचंही तसंच आहे. 1972 मध्ये धरण झालं आणि नवापूर-नंदुरबारकडच्या गावांनी पाणी अंगावर घेतलं. तिथून उठलेल्या लोकांची तिसरी पिढी आज मोठी झाली, पण त्याबद्दल सरदार सरोवराइतकंही बोललं जात नाही.

पाण्याच्या विजेचा एक गुण इथे नोंदवतो, कारण तो 'कधी' या प्रश्नाशी जोडलेला आहे. काका म्हणतात ते बॉयलर तासांच्या हिशेबाने वर येतात. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण भारावर येतं. म्हणून महाराष्ट्रात संध्याकाळी मागणी उसळली की कोयनेकडे बघतात. 1960 मेगावॅट, चार टप्पे, चौथा टप्पा डोंगराच्या पोटात. पण तिथलं पश्चिमेला वळवायचं पाणीही कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधलेलं आहे. म्हणजे यंत्र 1960 चं असलं तरी वर्षभर चालवायला पाणी नाही. ते वाचवून संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांसाठी ठेवायचं.

शिरपूरना_पोऱ्या

दादा, तुम्हनं म्हननं खरं शे. आम्हना गावमा दिवसनी लाईट येवाले लागनी तधळपाईन रातनं जागरन बंद व्हयनं. सौरवालं फीडर शे म्हने. बाकी गावस्ना नंबर कधय लागी, ते सांगा.

अणुरेणू

नवापूरहून सोनगड-व्यारामार्गे काकरापार फार लांब नाही, तरी आपल्याकडे त्याची माहिती कमी आहे म्हणून थोडक्यात.

तिथे 220 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या नव्वदच्या दशकापासून होत्या. आता 700 मेगावॅटच्या दोन आल्या. तिसरी भट्टी 30 जून 2023 ला व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, चौथी मार्च 2024 अखेर. 700 चं हे देशी बनावटीचं पहिलंच यंत्र, आणि ते तापीच्या काठावर आहे. इंधन नैसर्गिक युरेनियम, ते समृद्ध करावं लागत नाही. त्याऐवजी जड पाणी लागतं. न्यूट्रॉनचा वेग कमी करायलाही तेच आणि उष्णता वाहून न्यायलाही तेच.

तारापूर 1969 मध्ये सुरू झालं, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी देशाची अणुक्षमता जून 2025 ला 8,780 मेगावॅटच होती. दोन टक्क्यांहून कमी. युनिटमध्ये मात्र तीन टक्के, कारण या भट्ट्या रात्रंदिवस, महिनोन् महिने पूर्ण भाराने चालतात. क्षमतेपेक्षा युनिटचा वाटा मोठा असलेल्या स्रोतांत कोळशासोबत हा आहे.

केळीबाग_रावेर

अणुवाल्या दादांनी लिहिलं ते कळलं. मग अणुवीज वाढवली तर रात्रीचाही प्रश्न सुटेल आणि दिवसाचाही, नाही का?

अणुरेणू

भाऊ, पायाचा भार, म्हणजे रात्रंदिवस लागतेच ती वीज, एवढं सुटेल; चढउताराचा प्रश्न नाही. या भट्ट्या एका पातळीवर चालवण्यासाठीच बांधल्या आहेत. आणि एक भट्टी बांधायला दहा-बारा वर्षं जातात; काकरापारच्या नव्या दोन्हींचं काम 2010 च्या सुमारास सुरू झालं होतं. सौर प्रकल्प एक-दीड वर्षात उभा राहतो. तुमच्या केळीला यंदाच्या उन्हाळ्यात दिवसा वीज हवी असेल तर उत्तर सौरच आहे.

शिंदखेड्याहून

सौरच उत्तर आहे, मान्य. पण सौरला जमीन लागते, मेगावॅटला चार-पाच एकर. आणि ती जमीन कशी घ्यायची, याचा धुळे जिल्ह्याइतका कडू अनुभव क्वचितच कुणाला असेल.

विखरणचे धर्मा पाटील. दोंडाईच्याच्या वीज प्रकल्पासाठी त्यांची जमीन गेली. मोबदला न्याय्य मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. वय 84. शेजारच्या शेताला एक भाव आणि आपल्या शेताला दुसरा, हे त्यांचं म्हणणं अवघ्या राज्याने तेव्हा ऐकलं, पण ते जिवंत असताना ऐकायला हवं होतं.

म्हणून मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रीत जास्त बरी वाटते. ती योजना 2017 ची, पहिला प्रकल्प राळेगणसिद्धीला. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि आता लक्ष्य 16,000 मेगावॅटचं आहे. यात हजारो एकरांचं एकच पार्क करायचं नाही. गावाजवळच्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटे प्रकल्प, आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वाहिनीला. शक्यतो सरकारी पडीक जमीन. खाजगी घेतली तर ती विकत नाही, भाड्याने : हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो.

एक सावधगिरी मात्र. आमच्याकडे मधले दलाल फिरतात, कोऱ्या करारावर सह्या घेतात, 'नंतर कंपनी भाव ठरवेल' म्हणतात. सही करण्याआधी करार किती वर्षांचा, भाडं कुठल्या तारखेला, प्रकल्प झालाच नाही तर जमीन कधी मोकळी होणार, आणि शेवटी पॅनेल-खांब कोण काढणार, हे लेखी घ्या. गावातल्या एखाद्या वकिलाला दाखवा.

दीपनगरकर

शिरपूरच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. ज्या उपकेंद्राजवळ जागा मिळाली आणि प्रकल्प पूर्ण झाला, त्या फीडरवर दिवसाची वीज. ग्रामसभेने ठराव करून गायरानाचा किंवा पडीक जमिनीचा प्रस्ताव पाठवला तर नंबर लवकर लागू शकतो. ग्रामपंचायतीलाही योजनेतून पैसे मिळतात, ते विचारून घ्या.

या फीडरांचा आमच्या बाजूनेही फायदा आहे, तो लोकांच्या लक्षात येत नाही. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की तीस युनिट. एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा, म्हणजे तुमच्या एका पाळीमागे वीस किलो. त्यातला तिसरा हिस्सा किंवा जास्त राख. भारतीय कोळशात राख फार, 30 ते 40 टक्के. म्हणजे 500 च्या एका संचातून पूर्ण भाराला दिवसाला अडीच-तीन हजार टन राख. ती सिमेंटला जाते, विटांना जाते, रस्त्याच्या भरावात जाते, उरलेली राखेच्या बंधाऱ्यात. शिवाय पाणी. जुन्या केंद्रांसाठी 2015 च्या नियमाने घातलेली मर्यादा दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर. म्हणजे तेवढ्याच संचाला दिवसाला चार कोटी लिटरपर्यंत पाणी. ते हतनूरचं. आणि हतनूर गाळाने भरत चाललंय हे आपण सगळे जाणतो. दिवसाचे पंप सौरवर गेले तर मालगाड्या, राख, पाणी, तिन्ही वाचतील, आणि कोळसा संध्याकाळसाठी राहील. मी आयुष्य कोळशाच्या केंद्रात काढलंय आणि मला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

ग्रीडवाली_धुळे

पारेषणात काम करते, म्हणून तारांबद्दल. सगळे केंद्रांबद्दल बोलतात आणि तारांना विसरतात.

30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. साठ कोटींहून जास्त लोक. सुरुवात मध्य प्रदेशातल्या बीना-ग्वाल्हेर या 400 केव्हीच्या एका वाहिनीवर भार चढल्यापासून झाली. केंद्रं कमी नव्हती, पश्चिमेकडे वीज होती, पण जायला वाट अरुंद होती. ती वाहिनी तुटली आणि बाकीच्या पाठोपाठ सुटत गेल्या. त्यानंतर वाहिन्या वाढवण्याला जोर आला, आणि 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचं जाळंही जोडलं जाऊन देशभर एकच ग्रीड झालं.

आपलं धुळे या जाळ्यातली मोठी गाठ आहे. इथे 765 केव्हीचं उपकेंद्र आहे; एक वाहिनी औरंगाबादकडे जाते, एक बडोद्याकडे. कोळसा पूर्वेला, ऊन आणि वारा पश्चिमेला, आणि दोन्हींच्या मधल्या वाटेवर खान्देश. दुपारी पश्चिमेकडची सौर वीज एका दिशेला वाहते, रात्री पूर्वेची कोळशाची वीज उलट दिशेला, असे दिवस आता वाढत जाणार.

आणि साठवणूक. दुपारची जादा वीज रात्री कशी वापरायची? एक मार्ग बॅटरीचा, आणि तो झपाट्याने स्वस्त होतोय. दुसरा पंप्ड स्टोरेज : दोन तलाव, एक डोंगरावर, एक खाली. वीज जादा असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, लागेल तेव्हा खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. घाटघरला सह्याद्रीच्या कड्यावर 250 मेगावॅटचं असं केंद्र 2008 च्या सुमारासच सुरू झालंय. चढवायला लागते त्यातली पाऊण वीज परत मिळते. पंचवीस टक्के जातात, पण दुपारची वीज अन्यथा वायाच जाणार असेल तर हा सौदा चांगला. आता अशा प्रकल्पांचे करार सह्याद्रीत ठिकठिकाणी होताहेत. सातपुड्यातल्या ताईंनी सांगितलं ते त्या वेळी विसरता कामा नये, एवढं मात्र मीही म्हणेन.

केळीबाग_रावेर

तुम्हा सगळ्यांमुळे रात्रपाळीचं कारण पहिल्यांदा नीट कळलं. आता एक काळजी मांडतो.

साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल 2024 पासून माफ आहे. उद्या दिवसा आठ तास वीज, तीही फुकट. रावेर-यावलमध्ये पाण्याची पातळी आधीच खोल गेली आहे, बोअर किती फुटांवर गेलेत ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रात्री वीज होती तेव्हा निदान माणूस कंटाळून मोटार बंद तरी करायचा. दिवसा फुकट मिळाली तर आठही तास चालू राहील. वीज आली आणि पाणी गेलं तर केळी कशावर लावायची?

तापीकाठ

भाऊ, हा या धाग्यातला सर्वांत कळीचा प्रश्न आहे.

तुमच्याकडे ठिबक आहेच, जळगावने तर ते देशाला शिकवलं. ठिबकवर केळीला रोज आठ तास मोटार लागत नाही, एवढं तुम्हीही मान्य कराल. तेव्हा एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेतकऱ्यांनी आपसांत पाळ्या ठरवल्या, सकाळी चार जण, दुपारी चार जण, तर दाबही चांगला राहील, मोटारी जळणार नाहीत, आणि एका विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या बोअरने ओढलं जाणार नाही. रात्रीच्या विजेत हे शक्य नव्हतं, कारण लाईट आली की सगळेच एकदम चालू करायचे, पुढे येईल याची खात्री नव्हती. दिवसाची वीज ठरलेल्या वेळेला येते, म्हणून पाळी लावता येते.

केळीबाग_रावेर

आमच्या डीपीवर सगळे भाऊबंदच आहेत. पोळ्याला सगळे गावात असतात, तेव्हा विषय काढतो. पाळीचं कोष्टक कसं बसलं ते इथेच लिहीन. सातपुड्याच्या ताई, पायथ्याला नाला खोलीकरण आणि पुनर्भरणाचं काम ज्यांनी केलंय अशा कुणाला ओळखत असाल तर जरूर सांगा, आम्हाला बोलवायचं आहे.

सातपुड्याची_लेक

भाऊ, ओळखते. तुम्हाला निरोपातून संपर्क कळवते. पावसाळा संपायच्या आत बोलवा, पाणी कुठून वाहतं ते तेव्हाच दिसतं.